हिराबयचा उंबरा

कुणाच्याही घरी गेले की मी आधी माणसांकडे नाही, फरशीकडे बघते. सवयच लागलीय. लग्नाला गेले तर नवरीच्या शालूआधी मला मांडवातला सुटा गालिचा दिसतो, देवळात गेले तर देवाआधी नारळाच्या पाण्याने ओली झालेली पायरी. माझा नवरा म्हणतो, "हिला स्वर्गात नेलं तरी आधी कठडा कुठाय विचारेल." विचारेनच. तिथे सगळी आमचीच मंडळी असणार.

मी फिजिओथेरपिस्ट. कल्याणजवळ मोहने गावातल्या चाळीत वाढले, कल्याणात संसार केला आणि ठाण्याच्या एका हॉस्पिटलात बरीच वर्षं मोडलेली माणसं चालती केली. खुब्याचं हाड मोडलेल्या आज्या यायच्या, त्यांना वॉकर धरून चालवायचं आणि घरी पाठवायचं. घरी जाऊन काहीजणी पुन्हा पडायच्या, पुन्हा यायच्या. एके दिवशी मला वाटलं, आपण काय करतोय? घराचं छप्पर गळतंय आणि आपण इथे फरशी पुसतोय. मग नोकरी सोडली आणि घरोघर फिरायला लागले. कल्याण, डोंबिवली, दिवा, ठाणे, रिक्षा जाईल तिथे मी. काम एवढंच, म्हाताऱ्या माणसांनी पडू नये. त्यांचे पाय बळकट करायचे, तोल सांभाळायला शिकवायचं आणि घरातले सापळे हुडकून काढायचे.

सुरुवातीला हा धंदा कुणाच्या पचनी पडेना. डोंबिवलीतले एक निवृत्त हेडमास्तर चष्मा पुसत म्हणालेले, "म्हणजे मी पडलो नाही तर तो तुमचा गुण. पण मी मुळात पडणारच नसलो तर?" डॉक्टरने ऑपरेशन केलं की टाके तरी दाखवता येतात. माझं काम फत्ते झालं की काहीच होत नाही, आणि काहीच झालं नाही हे दाखवायचं कुणाला आणि कसं?

त्यात आमच्या भागात कुणी पडतच नाही. थट्टा नाही करत. "मी पडले" असं सरळ सांगणारं म्हातारं माणूस मला क्वचितच भेटलंय. बाकी सगळे "बसतात". पडले नाही गं, जरा बसले. बाथरूममध्ये बसले, जिन्यात बसले, भाजीवाल्यासमोर बसले. एक काका हाताला प्लास्टर घालून मला सांगत होते, "रिक्षातून उतरताना किंचित टेकलो." म्हणून मी प्रश्नच बदलून टाकला. पडलात का, असं विचारतच नाही. "अलीकडे कुठे कुठे बसलात?" असं विचारते, की मग धडाधड सगळं बाहेर येतं.

आणि बसतात कशाने? सगळ्यात मोठा गुन्हेगार पायपुसणं. प्रत्येक घरात जुन्या साडीचं एक तरी विणलेलं पायपुसणं असतं आणि प्रत्येक घरात मला तेच ऐकायला मिळतं, "सासूबाईंच्या साडीचं आहे हो, टाकवत नाही. किती मऊ आहे बघा." बाई गं, मऊ आहे म्हणूनच तर सरकतं. सासूबाई गेल्या आणि साडीच्या रूपाने सुनेचा पाय ओढायला मागे राहिल्या. त्यानंतर गाऊनचा लोंबणारा घोळ, मग प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून काढायची जळमटं, आणि मग फोन. फोन वाजला की सत्तरीपुढचं माणूस असं काही उठून धावतं, जणू पलीकडे पंतप्रधान आहेत. असतं काय, तर कर्ज हवंय का विचारणारी मुलगी.

डोंबिवलीतल्या एका घरी मी संडासाशेजारी भिंतीत स्टीलचा दांडा बसवून घेतला, आजींना धरून उठायला. पुढच्या वेळी जाऊन बघते तर त्यावर टॉवेल, परकर आणि धुतलेली पिशवी वाळत टाकलेली. सून म्हणाली, "मॅडम, इतकी सोय झाली म्हणून सांगू." दिव्याला याच्या उलट. तिथल्या एका आजींच्या घरी पाण्याचा नेहमीचा ठणठणाट, म्हणून पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंना पाण्याचे ड्रम ओळीने उभे. मी कपाळाला हात लावला. पण आजी त्या ड्रमवर हात टेकत टेकत मधून अशी झोकात चालायच्या की बघत राहावं. असा भक्कम कठडा मला बांधून देता आला नसता. पाण्याची ओरड तशीच आहे आणि आजीही तशाच ठणठणीत आहेत.

सगळेच मात्र ठणठणीत राहिले नाहीत. ते हेडमास्तर माझं सगळं ऐकायचे, व्यायाम करायचे, पण बाथरूममध्ये दांडा लावू द्यायचे नाहीत. "आल्यागेल्याला दिसतो. म्हातारा झालो अशी पाटी कशाला लावायची?" पुढे ते तिथेच "बसले", आणि नंतर अंथरुणातून उठून गॅलरीतल्या आपल्या खुर्चीपर्यंतही आले नाहीत. त्यांच्या बिल्डिंगवरून रिक्षा जाते तेव्हा मी वर बघते आणि मला वाईट वाटतं. एवढा हुशार माणूस, एका दांड्याची लाज वाटली त्याला.

असो. मला सांगायचीय ती हिराबयची गोष्ट.

डोंबिवली पूर्वेला, शिळफाट्याच्या रस्त्याला, जिथे कधीकाळी भातशेती होती आणि आता टॉवर आहेत, तिथले बाळारामशेठ. आगरी माणूस, घरची जमीन, गळ्यात बोटाएवढी चेन आणि आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्यांचा फोन आला, "मॅडम, आई सारखी पडते. तुम्ही या आणि बघा. मी तर सगळं करून बसलोय."

गेले तर खरंच सगळं करून बसलेले. जुनं कौलारू घर पाडून तीन मजली बंगला. आत लिफ्ट, खाली-वर पांढराशुभ्र संगमरवर, दारं काचेची, सरकती. शेठ मला अभिमानाने फिरवत होते. "एक उंबरा ठेवला नाय मॅडम अख्ख्या घरात. व्हिडिओ बघितलेला मी, म्हाताऱ्या माणसाला उंबरा डेंजर. सपाट करून टाकलं. कॅरमबोर्ड आहे कॅरमबोर्ड." खरंच कॅरमबोर्ड होता. फक्त सोंगटी सारखी आडवी होत होती.

हिराबय, म्हणजे शेठची आई, हॉलमध्ये चाकाच्या खुर्चीत बसलेली. लहानखुरी, काळीसावळी, आगरी पद्धतीचं लुगडं, डोळे बारीक पण सुरीसारखे. कमरेला पट्टा बांधून तिला खुर्चीत अडकवलेली आणि वर शाल. तिची बोली मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही, कानात राहिली तेवढी लिहिते.

"ही कोन आनखी? डाक्टरीन?"

"आई, या मॅडम तुला पडू देणार नाहीत," शेठ म्हणाले.

"मी कवा परले? मी बसते."

मी मनात म्हटलं, चला, ओळख पटली.

शेठच्या बायकोने, वंदनाताईंनी, चहाबरोबर सगळी हकिकत सांगितली. नव्या घरात आल्यापासून हिराबय अशीच बसायला लागलेली. कधी स्वयंपाकघराच्या दारात, कधी बाथरूमच्या, कधी पुढच्या दरवाजात. मनगट मुरगळलं, गुडघा सुजला. डॉक्टरांनी डोळे, कान, साखर, रक्तदाब, गोळ्या, सगळं तपासलं. काही नाही. मग शेठनी खुर्ची आणली आणि फर्मान काढलं, आई उठणार नाही. आणि ऐन तेव्हाच नातवाचं, संकेतचं लग्न ठरलं.

इथे खरी ठिणगी होती. त्या घरात सून आत घ्यायची ती हिराबयने. दारात उभं राहून ओवाळायचं, मग नवरीने माप ओलांडायचं. वंदनाताईंना तिनेच तसं आत घेतलेलं, त्यांच्या थोरल्या जावेला पण. शेठचं म्हणणं, या वेळी ओवाळील वंदना, आई स्टेजवर खुर्चीत बसेल, खुर्चीला झेंडूच्या माळा लावू, फोटो झकास येईल.

"मना सजवून बसवनार," हिराबय मला म्हणाली. "गनपती हाय काय मी? आनि मंग दीड दिसानं पान्यात शिरवनार काय मना?"

वंदनाताई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मला हसू आवरेना. शेठ मात्र हसले नाहीत. ते मला बाहेर घेऊन गेले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "बाबा शेतावरच्या घरात पडले, मॅडम. नंतर पलंगावरून उठलेच नाय. मी पाणी पाजायचो त्यांना चमच्याने. आईचं तसं मी होऊ देणार नाय. ती मला शिव्या देऊ दे." त्यांचे डोळे भरलेले. मला तो मोठ्या आवाजाचा माणूस तिथेच आवडून गेला. पण भीतीने माणसाला खुर्चीत बांधलं की त्याचे पाय आठवड्या-आठवड्याने लुळे पडत जातात, आणि लुळ्या पायांचं माणूस एक दिवस खुर्चीतून उतरताना पडतंच. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, पटलं काही नाही.

मी आत जाऊन पट्टा सोडला आणि हिराबयला म्हटलं, "बय, जरा किचनपर्यंत चालून दाखव. मी मागेच आहे."

ती उठली. चालायला काय झकास. हॉलच्या मधून तरातरा गेली. स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि एकदम तिने पाय उचलला, गुडघ्याएवढा वर, एखादं कुत्रं आडवं झोपलंय आणि त्याला ओलांडायचंय असा. डावा हात बाजूला गेला, काहीतरी धरायला. तिथे सरकती काच. हात घसरला, एका पायावरचा तोल गेला आणि बय भेलकांडली. मी धरलं म्हणून निभावलं.

मला वाटलं गुडघ्याची काही भानगड असेल. दुसऱ्या दाराशी नेलं. तिथेही तेच. बाथरूमपाशी तेच. खोलीच्या मध्ये काही नाही. जिथे दार, तिथे पाय वर.

"बय, पाय कशाला उचलतेस एवढा?"

"मंग? उंबऱ्यावर पाय द्यू काय? लक्षुमी असते तिथं."

"पण इथे उंबरा कुठाय?"

तिने खाली बघितलं. नुसतं पांढरं. आपण पाय उचलतो हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. मग म्हणाली, "ह्या घराला उंबरा नाय ते मना ठावं हाय गो. पन माझ्या पायाना कोन सांगंल?"

अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटतं आणि नसते, तेव्हा पाऊल कसं दाणकन आपटतं ठाऊक आहे ना? हिराबयचं दिवसभर तेच चाललेलं. नवरी होऊन आली तेव्हापासून म्हातारी होईपर्यंत ती त्या जुन्या घरात राहिली. प्रत्येक दाराला सागाचा वीतभर उंच उंबरा, शेजारी धरायला लाकडी चौकट. पायांना घर पाठ होतं. आता नव्या घरात सगळा एकच पांढरा रंग, खोली कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे डोळ्यांना कळत नाही, आणि पाय बिचारे अंदाजाने उंबरा ओलांडतायत. शेठनी आईसाठी घरातले सगळे उंबरे काढले आणि आई नसलेल्या उंबऱ्यांना अडखळून पडत होती.

"जुना उंबरा आहे का कुठे?" मी विचारलं.

हा प्रश्न मी विचारायला नको होता. हिराबयच्या तोंडाचा पट्टाच सुटला. "इचार त्याला. इचार, कं ठेवलाय त्यो, कुठल्या कोपऱ्यात." तर गोष्ट अशी, घर पाडताना तिने पुढच्या दाराचा उंबरा लाकूडवाल्याला देऊ दिला नव्हता. शेठनी तो मागच्या बाजूला गॅरेजपाशी नेऊन ठेवलेला, आणि त्यावर वॉचमन आणि ड्रायव्हर बसून चहा प्यायचे. ज्यावर उभ्या जन्मात कुणी पाय दिला नाही, सकाळी उठून जिथे तिने हळदकुंकू वाहिलं, त्यावर दोन पुरुष बूड टेकून बिस्किट बुडवतायत. ती वरच्या खिडकीतून ते बघायची आणि तिचा जळफळाट व्हायचा.

मी शेठना म्हटलं, "तो पुढच्या दाराला परत बसवा. खालून तासून घ्या, उंची कमी करा, पण बसवा. दोन्ही बाजूंना धरायला दांडे लावा. आणि आतल्या दारांत गडद रंगाची पट्टी घाला, सपाट, म्हणजे दार कुठाय ते तिला दिसेल. तिथेही हाताशी दांडा."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, अख्खी दुनिया उंबरे काढते. तुम्हीच लोकांचे उंबरे काढत फिरता ना?"

खरं होतं. अर्ध्या डोंबिवलीच्या बाथरूमसमोरच्या दगडी पट्ट्या मी घासून सपाट करायला लावल्यात. पण हे काम पुस्तकातलं नाही हो. जो सापळा एकाला पाडतो त्यालाच दुसऱ्याचा हात टेकलेला असतो. शिवाय हिराबय रोज सकाळी वाकून उंबऱ्यावर रांगोळी काढायची, हळदकुंकू वाहायची, पुन्हा उभी राहायची. मी लोकांना जो व्यायाम हात जोडून करायला लावते, तो ती बिनबोभाट करत होती. उंबरा गेला आणि तिचा व्यायामही गेला.

शेठ कसेबसे कबूल झाले, पण एका अटीवर. लग्नापर्यंत आई कुणाच्या हाताशिवाय उभी राहून सगळं ओवाळणं करू शकली पाहिजे. नाहीतर खुर्ची आणि झेंडू. "कबूल," हिराबय म्हणाली. "मी परले तं तुझी खुर्ची. नाय परले तं त्यात तू बस."

मग मी रोज दुपारी जायला लागले. टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, हे सगळं तिने खेळ म्हणून शिकून घेतलं. पण माझ्या कामातली एक गोष्ट लोकांना विचित्र वाटते. मी म्हाताऱ्या माणसांना जमिनीवर झोपवते आणि तिथून एकट्याने उठायला शिकवते. कारण किती सांभाळलं तरी माणूस कधीतरी पडणारच, आणि ज्याला उठता येतं त्याची पडायची भीती निम्मी होते. भीती गेली की पाऊल मोकळं पडतं. पडलं की आधी तसंच राहायचं, श्वास घ्यायचा, कुठे ठणकतंय का बघायचं. फार दुखत असेल तर हलायचं नाही, हाक मारायची. आणि काही नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपाशी जायचं, खुर्ची धरायची, एक पाय पुढे टेकवायचा आणि उठायचं. आपल्याकडे मात्र कुणी पडलं की चौघं धावतात आणि काखेत हात घालून खस्सकन वर खेचतात. बरं असलेलं हाडही मग राहत नाही.

हिराबयला पहिल्या दिवशी हे काही लक्षात राहिना. आधी गुडघा की आधी कोपर, रोज घोळ. पण ती बाई लग्नाघरी गाणी म्हणणारी, तिला काय पाठ करायचं तर ते गाऊनच. तिने माझे सगळे धडे हळदीच्या चालीवर बसवले.

"कुशीवर वल गो, कोपरावर कल गो,
गुडघ्यावर ये गो बये, घाई नको कर गो.
खुर्चीला धर गो, एक पाय म्होरं गो,
ऊठ माझे बये, तुझी वाट बघतंय घर गो."

इतक्या वर्षांच्या माझ्या शिकवण्याला असा मान कुणी दिला नव्हता. रिक्षात बसल्यावर सुद्धा ते गाणं माझ्या ओठांवर यायचं.

आणि गाणं म्हटल्यावर बायका जमणारच. गावातल्या तिच्या मैत्रिणी हळूहळू डोकवायला लागल्या, मग बसायला, मग लोळायला. शेवटी शेवटी शेठच्या हॉलमध्ये दुपारी म्हाताऱ्यांचा असा मेळा भरायचा की विचारू नका. पांढऱ्या संगमरवरावर सगळ्या आडव्या, लुगडी खोचलेली, कुणी कुशीवर, कुणी कोपरावर अडकलेली, कुणी रांगत चुकीच्या दिशेला निघालेली, आणि मधूनच कुणाला तरी जुनी कसलीशी गोष्ट आठवायची आणि हसता हसता सगळ्या परत सपाट. एक म्हातारी म्हणाली, "लगीन झाल्यापासून अशी निवांत लोललेच नव्हते मी." नेमके तेव्हा बाळारामशेठ मांडववाल्याला घर दाखवायला आत आले. दारातच थबकले. मांडववाला डोळे विस्फारून म्हणाला, "शेठ, काय झालं? हवा विषारी झाली काय?" खालून सगळ्या एका सुरात हसल्या, आणि हिराबयने लोळत लोळत लेकाला सांगितलं, "पाय पुसून ये रे आत."

शेठनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, आई पडू नये म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही अख्खा गाव आडवा केलाय." मी म्हटलं, "बघा की, उठताना बघा." आणि त्यांनी बघितलं. आई एकटी उठली, कुणाचा हात न धरता, चेहऱ्यावर असा तोरा की काय सांगू. शेठ मांडववाल्याला घेऊन बाहेर पडले. पण दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि उंबरा बसला. वॉचमनला नवीन बाकडं मिळालं.

लग्नाच्या दिवशी मला मानाचं आमंत्रण. हॉलवर लग्न लागलं आणि संध्याकाळी नवरी घरी यायची होती. मी आधीच येऊन दार तपासलं. उंबरा हळदकुंकवाने लखलखत होता, दोन्ही दांडे पक्के, आतली फरशी कोरडी. कोपऱ्यात मात्र चाकाची खुर्ची उभी, झेंडूच्या माळा घालून. "असू दे," शेठ माझी नजर चुकवत म्हणाले. "नुसती हाय." तोपर्यंत हिराबय दाराच्या आत एका बाजूला येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, एका हातात ओवाळणीचं ताट, दुसरा हात दांड्याजवळ, पण दांड्यावर नाही. तिचे पाय बघत होते मी, दुसरं काही दिसतच नव्हतं.

बाहेर बँजो वाजायला लागला. गाडी थांबली, संकेत आणि नवी नवरी उतरली. बाळारामशेठ खुशीत. नवीन कोऱ्या मोजड्या, हातात मोबाइल, सुनेचं पाऊल सगळ्यात आधी आपल्यालाच टिपायचंय म्हणून नवरीसमोर उलटे चालत येत होते. "ये बाळा, ये, इकडे बघ, हस." एक पाऊल मागे, आणखी एक मागे. मी ओरडणार तेवढ्यात टाच उंबऱ्याला लागली आणि तीन मजली बंगल्याचा मालक घरात येऊन आडवा झाला. मोबाइल सरकत सरकत सोफ्याखाली गेला. बँजो थांबला.

एका क्षणात चार माणसं पुढे धावली, हात काखेपर्यंत पोचलेच होते.

"हात लावू नका कोनी," हिराबय म्हणाली. सगळे जागच्या जागी गोठले. तिचं ताट जरासुद्धा हललं नव्हतं. ज्योत तशीच. "बाला, कं ठनकतंय काय?"

शेठ छताकडे बघत म्हणाले, "मी पडलो नाय, आई. बसलोय."

"हां. कमर दुखते? नाय ना? मंग आता ऊठ. कुशीवर वल."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. आणि मागून तिच्या मैत्रिणींनी गाणं उचललं, "कुशीवर वल रं, कोपरावर कल रं," बँजोवाल्या पोरांना चाल लगेच सापडली, त्यांनी ठेका धरला. बाळारामशेठ, गळ्यात बोटाएवढी चेन, कुशीवर वळले. कोपरावर आले. गुडघ्यांवर आले. नवरी उंबऱ्याबाहेर मुंडावळ्या सांभाळत हसत होती, संकेत तर हसून हसून खालीच बसलेला. शेठ रांगत निघाले आणि हाताशी आली ती एकच खुर्ची, चाकांची, झेंडूची.

"आदी ब्रेक लाव," हिराबय म्हणाली.

त्यांनी ब्रेक लावला, खुर्ची धरली, एक पाय पुढे घेतला आणि उठले. पण घोटा मुरगळलेला, उभं राहवेना, म्हणून त्याच खुर्चीत टेकले. मी घोटा चाचपून बघितला, हाड शाबूत होतं. हिराबयने एकदा लेकाकडे, एकदा खुर्चीकडे बघितलं, आणि दाराकडे वळली. नवरीला ओवाळलं. तांदळाने भरलेलं माप उंबऱ्यावर ठेवलं ते स्वतः वाकून, आणि स्वतःच उभी राहिली. नवरीने माप लवंडलं आणि नवरी आत आली. हिराबयने तिच्या कानात सांगितलं, "उंबऱ्यावर पाय द्यायचा नाय गो. बाकी काय बी कर." मला रडू आलं. इतकी वर्षं न घडलेल्या गोष्टींसाठी राबले, आज काहीतरी घडलेलं डोळ्यांनी बघत होते.

तो फोटो आता त्यांच्या हॉलमध्ये मोठा करून लावलाय. मधोमध हिराबय ताठ उभी, शेजारी नवी सून आणि नातू, आणि पुढे झेंडूच्या माळांनी सजवलेल्या चाकाच्या खुर्चीत बाळारामशेठ. दुपारचा मेळा अजून भरतो. हल्ली शेठही कधीकधी त्यात लोळतात, दार लावून. घरी आलेला पाहुणा फोटोकडे बघून विचारतोच, शेठ, पडलेलात काय? शेठ छाती काढून सांगतात, "छे. आई उभी होती ना, म्हणून मी बसलो."

आणि आतून, उंबऱ्यापाशी वाकून रांगोळी घालता घालता, हिराबय म्हणते, "बसला. पन लय जोरात बसला."